थोरलीचा पाय

धाकट्या जावेने खोक्यातून नवा कीबोर्ड काढला, टेबलावर ठेवला आणि चार पट्ट्या दाबून पाहिल्या. सूर आला नाही. नुसती टकटक झाली.

"ताई, हा मुकाच निघाला की."

"मुकाच असतो तो," थोरली म्हणाली. "कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, एवढंच तो कॉम्प्युटरला कळवतो. सूर कॉम्प्युटरमधून निघतो. सरक, मी जोडून देते."

थोरली एका स्टुडिओत नोकरीला होती. लोकांच्या बोलण्यातले खोकले आणि उसासे कापून टाकायचे, हे तिचं काम. त्यामुळे घरात कुठलीही वायर कुठेही लावायची झाली की हाक तिलाच येई. वाजवून दाखव असं मात्र तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं. ते कौतुक धाकटीचं. दाराशी मटार सोलत बसलेल्या सासूबाई आत्ताही तेच कौतुक करत होत्या.

"लहान मुलांच्या मालिकेला हिची गाणी लागणार म्हणे. अख्ख्या घराण्यात असं कुणाला जमलं नाही."

"लागतील तेव्हा खरं, आई," धाकटी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत तीन चाली पाठवायच्यात. आवडल्या तर काम माझं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं तरी."

अख्ख्या घराण्यात. थोरलीच्या पोटात दुखलं. या घराण्यात ती धाकटीच्या आधीपासून होती.

तिने वायर लावली, सॉफ्टवेअर उघडलं, यादीतून नवा कीबोर्ड निवडला आणि त्याला पियानोचा आवाज दिला. राहिला एक आकडा, बफरचा. तो लहान ठेवला की बोट पडताच सूर निघतो. मोठा केला की सूर मागून येतो, हाक मारल्यावर उठायचा कंटाळा करणाऱ्या माणसासारखा. थोरलीने तो सगळ्यात मोठा केला. चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

"झालं. वाजव."

धाकटी वाजवू लागली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. बोट पुढे जाई, सूर मागून येई, बोट त्याच्यासाठी थांबे आणि सगळाच घोळ होई.

"काहीतरी मागे पडतंय, ताई."

"नवीन आहे. हात बसायला वेळ लागेल."

"माझाच हात बिघडला असेल." धाकटीने कपाळावरचा घाम पुसला आणि घड्याळाकडे पाहिलं.

थोरलीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. सासूबाईंचे हात मटारावर थांबले होते, ते पाहून तर आणखीच.

धाकटीने स्पीकरचा आवाज पार बंद केला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि नुसत्या पट्ट्या दाबायला लागली. खोलीत फक्त टकटक.

"अगं, वाजतंय कुठे?" सासूबाईंनी विचारलं.

थोरलीला आधी हसू आलं. मग त्या टकटकीतूनच तिला चाल कळू लागली. दोन पट्ट्या हलक्या, एक जड, जरा दम खाऊन तीन पळत्या. चाल गोड होती. ती आपल्याला सुचली नव्हती आणि जन्मात सुचली नसती, याचा तिला इतका राग आला की ती मुद्दाम खिडकीबाहेर बघू लागली. कान मात्र आतच राहिले.

चाल संपली. धाकटीने स्पीकर सुरू केला आणि वाजवलेलं लावलं. पट्ट्या जशा पडल्या तशाच कॉम्प्युटरने टिपल्या होत्या; पियानो कुठे अडखळला नाही, कुठे रेंगाळला नाही. सासूबाई मान डोलावून पुन्हा मटाराला लागल्या.

"कसं केलंस?" थोरलीने विचारलं. तिचा आवाज तिलाच कोरडा वाटला.

"सूर ऐकला की बोटं त्याची वाट बघत बसतात. म्हणून तो बंदच करून टाकला," धाकटी म्हणाली. "आणि ठेका तुमच्या पायावरून घेतला."

"माझ्या?"

"फरशीवर आपटत होतात की. मधे मी घाई करायला लागले, तर तुमचा पाय करू देईना. ठेक्याच्या इतक्या पक्क्या आहात, ताई, आणि इतक्या दिवसांत कधी बोलला नाहीत."

थोरलीने खाली पाहिलं. पाय आता गप्प होता, काही केलंच नाही असा.

तिला स्वतःची लाज वाटली. पुढे वाकून तिने माऊस हातात घेतला आणि बफरचा आकडा उघडला. एका टिचकीचं काम होतं. मग सूर बोटाबरोबर निघाला असता आणि उरलेल्या दोन चाली धाकटीने एकटीने वाजवल्या असत्या.

"आता काय करताय?"

"बघते, काही सुधारतंय का."

"राहू दे हो. तुम्ही आपल्या इथे माझ्याजवळ बसा. तुम्ही उठलात तर मला जमायचं नाही."

"बस गं थोरले," दाराशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "तुझ्यावाचून अडतंय तिचं."

हे वाक्य थोरलीने या घरात पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिने आकड्याकडे एकदा पाहिलं. मग तो होता तसाच ठेवून सेटिंग बंद केलं. खुर्ची पुढे ओढली, चप्पल काढून बाजूला सारली आणि पाय धाकटीला नीट दिसेल असा ठेवला.