जिन्यातलं टेबल

पितळी पाटी कोणत्या मजल्यावर लावायची, यावरून विद्यापीठातल्या गणिताचे दोन विभागप्रमुख जिन्यातच भांडत होते. पाटीवर जिचं नाव होतं ती ओदील केर्मारेक तिथंच, दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर, आपल्या टेबलाशी बसून दोघांची गंमत बघत होती.

"मूळ संख्या म्हणजे तिसरा मजला. ओदील पहिल्यापासून आमची," संख्यासिद्धांताचे तावेर्निए म्हणाले.

"वा रे वा! आणि सिद्धता कशावर उभी आहे? नाणेफेकीच्या नियमावर. म्हणजे संभाव्यता. चौथा मजला," संभाव्यतेचे प्रिजाँ म्हणाले.

सकाळीच परदेशातून मोठ्या पुरस्काराची बातमी आली होती. मूळ संख्यांचं एक जुनं कोडं ओदीलनं नाणेफेकीच्या नियमानं सोडवलं होतं. कालपर्यंत या दोघांना तिचं नाव काढायचीही लाज वाटे. बढतीचा तिचा अर्ज अकरा वेळा खालून वर आणि वरून खाली फिरला. तिसरा मजला म्हणे, ही संभाव्यता, आमची नव्हे. चौथा म्हणे, या मूळ संख्या, आमच्या नव्हेत. म्हणून तिचं टेबलही अधेमधे, जिन्यातच. एवढी गणितं सोडवणारी माणसं, पण एक जिना चढायची अक्कल कुणाला नव्हती. आता खाली वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला, तर दोघे कोट चढवून हजर.

"तूच सांग ना गं, कुठं लावू?" तावेर्निए लाडात आले.

"आधी हे सांगा, एनोराचा अर्ज परत का पाठवलात?"

एनोरा ओदीलची विद्यार्थिनी. तिच्या नोकरीच्या अर्जाची मुदत आज दुपारी संपत होती.

"पोरगी गुणी आहे गं. पण तिचं काम संभाव्यतेत मोडतं."

"छे! त्यात मूळ संख्यांशिवाय आहे काय?" प्रिजाँ म्हणाले.

बोलून गेल्यावर दोघेही उगाच कोटाची बटणं लावू लागले.

ओदीलनं तो अर्ज टेबलावर पुढे सरकवला. "लाज नसेल तर नसू दे, सही तरी करा. दोघांनीही. त्याशिवाय मी खाली येत नाही. पाटीचाच फोटो काढून घ्या."

तावेर्निएंनी खिसे चाचपले. प्रिजाँनीही चाचपले. पेन कुणाकडेच नव्हतं.

"मादाम केर्मारेक येताहेत ना? नाहीतर मी निघतो!" खालून फोटोग्राफर ओरडला.

दोघांच्याही खिशात पेन सापडलं.