उशी

“ग्लेंदा, तू आणि सैतान? अगं, तुझ्या तोंडून कुत्र्यालासुद्धा ‘हाड’ निघत नाही!” सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पण यंदा आमच्या पियारो गावात नव्या वर्षाला निघणाऱ्या सैतानांच्या सोंगांच्या मिरवणुकीत मी खरंच सैतान झाले. बकऱ्याची शिंगं लावलेला लाल मुखवटा चढवला, हातात चाबूक घेतला आणि लोकांना घाबरवायला पहिली आरोळी ठोकली.

त्या आवाजाने माझ्याच अंगावर काटा आला. हा काही मुखवट्याचा आवाज नव्हता. थांबवू म्हटलं तरी थांबेना. बायका लेकरांना पोटाशी धरून मागे सरल्या. त्यांच्यातच आजीचं बोट धरून माझी चार वर्षांची सिसा उभी होती. हिने आईला ओळखलं, तर पुन्हा कधी माझ्या कुशीत झोपेल का?

आजीचा हात सोडून ती धावत आली आणि माझ्या गुडघ्यांना बिलगली.

“मला ओळखलंस कसं गं?” मी कसंबसं विचारलं.



“तू मोरीचं दार लावून उशीत अशीच ओरडतेस ना! आज उशी विसरलीस का, आई?”