रविवारची सुट्टी

दर रविवारी सरकारी दवाखान्यातला सफाईचा यंत्रमानव कोपऱ्यात स्वस्थ उभा राहायचा आणि ते बघून विमल घरतचा जळफळाट व्हायचा. सेवेची सरकारी कंत्राटं कामगार कायद्याखाली येत, मग काम माणूस करो की यंत्र. म्हणून त्याला आठ तासांची पाळी होती, आठवड्याची सुट्टी होती. विमल त्याची देखभाल करायची. तिचं कंत्राट दुरुस्तीचं, म्हणून कायद्याबाहेरचं. लेकीच्या साखरपुड्यालाही तिला रजा मिळाली नव्हती.

कामगार निरीक्षक कर्णिकबाई तपासणीला आल्या तेव्हा तिला राहवलं नाही.

"बाई, त्या डब्याला सुट्टी आणि मला का नाही?"

"तो सेवा देतो, विमलताई. तुम्ही नुसतं यंत्र सांभाळता."

"मग तो सुट्टीवर असताना वॉर्ड कोण पुसतं?"

कर्णिकबाईंनी मान वर केली. "कोण?"

"मीच की. चार वर्षं झाली."

बाईंनी हजेरीपुस्तक मागवलं, नीट वाचलं आणि विमलचं नाव सेवेच्या यादीत लिहिलं.

पुढच्या रविवारी विमल लेकीकडे जेवायला गेली आणि दुपारभर झोपली. वॉर्ड कुणी पुसला, हे सोमवारी तिनं विचारलंही नाही.