धुतलेला तोबरा

मोतद्दारानं घोडीच्या तोंडाला बांधायचा दाण्याचा तोबरा डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. “हा तपासा. मालक म्हणतात, सडका दाणा घालून मीच तिला मारली. उभा जन्म तबेल्यात काढला, आता हे ऐकायचं.” बाईंनी मायक्रोस्कोपवरून शिणलेली मान उचलली. “काका, तिच्या पोटात कॅन्सरची गाठ होती. गाठीत विषाणू सापडलाय. कदाचित त्याच्यामुळंच झाली असेल.” “कदाचित?” “अजून कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही.” “मग मालक काय ऐकणार, कपाळ!” बाईंनी सुस्कारा टाकून तोबरा उलटा केला. आत दाण्याचा कणही नव्हता, साबणाचा वास तेवढा आला. “अहो, धुऊन आणलात? आता यात काय सापडणार?” म्हातारा ओशाळला. “सवयीनं हात चालले. खरकट्या तोबऱ्याला ती तोंड लावायची नाही.” बाईंनी मालकांना फोन लावला. “मोतद्दाराची काही चूक नाही.” यावेळी ‘कदाचित’ म्हणाल्या नाहीत.