तीन होकार

डोळ्यांवर आभासी जग दाखवणारा डबड्याएवढा चष्मा चढवून आई उभी होती, आणि खो खो हसत होती.

बोयानला घाम फुटला. दारापलीकडे तैवानच्या तैनान शहरातले झाडून सारे कलासमीक्षक प्रदर्शनासाठी ताटकळले होते. वर्षानुवर्षं खपून त्याने त्या चष्म्याच्या आत एक दुपार उभी केली होती. घरातला देव्हारा, बापाच्या नावाची पाटी, उदबत्तीचा धूर. तेव्हा बाप नुकताच गेला होता. बोयानला चित्रकला शिकायला तैपेईला जायचं होतं, आणि बापाने मरेपर्यंत एकच धोशा लावला होता, मासळीची तळी सांभाळ. म्हणून आईने बापालाच कौल लावला. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर असे लाल लाकडाचे दोन फाके जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे, तर नकार. दोन्ही उताणे पडले, तर मेलेला माणूस नुसता हसतोय, पुन्हा विचारा. बापाने सलग तीनदा होकार दिला होता. या कलाकृतीचं नावच होतं ‘तीन होकार’.

“आई, लोक यात रडतात गं!”

“रडू देत की. त्यांचा नवरा आहे का तो?” आईने चष्मा काढून डोळे पुसले. “देव्हारा झकास झालाय. जळमटंसुद्धा आपलीच. फोटोतलं बापाचं नाकही बरोबर. फाके तेवढे चुकलेत.”

“काय चुकलं? एक उताणा, एक पालथा. तीनदा!”

“तुला काय ठाऊक? तू कपाळ जमिनीला टेकवून, डोळे मिटून बसला होतास. फाके मी टाकत होते, आणि होकार म्हणून मीच ओरडत होते.”

बोयान तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“मग पडलं काय होतं?”

“पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा मेला हसला. मी म्हटलं, दात काय काढतोस, तळी मी बघते, पोरगा जाणार म्हणजे जाणार.”

आजवर तो त्या होकारावरच जगला होता. चित्र फसलं, पोटाला चिमटा बसला, की स्वतःला समजवायचा, बाप तर हो म्हणालाय ना. आता त्याला रडू फुटलं. बापाचा राग आलाय की आईची माया दाटून आलीय, त्याचं त्यालाच कळेना.

बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं.

“बंद करतो हे सगळं,” तो म्हणाला. “बापाला मान्यच नव्हतं, तर दाखवू कुठल्या तोंडाने?”

“मग विचारू की त्याला.” आईने माशांचा वास मारणाऱ्या पिशवीतून फाके काढले. ती कण्हत कण्हत गुडघ्यांवर बसली. पोरगा टक लावून बघतोय हे दिसताच तिने त्याच्या टाळक्यात एक टपली मारली.

“डोळे मीट.”