कपाळावरचं गोंदण

"पासपोर्टातल्या बाईच्या कपाळावर गोंदण आहे, या फोटोतल्या बाईच्या नाही," असं म्हणत व्हिसाच्या खिडकीवरच्या मुलीने हौसाबाईंचे कागद परत केले. पुढची तारीख महिन्यानंतरची मिळाली. तिकडे मस्कतला लेकीचे दिवस भरत आले होते.

एसटीतून उतरून हौसाबाई थेट सुदामच्या फोटो स्टुडिओत शिरल्या आणि तो फोटो त्यांनी टेबलावर आपटला.

"माझं गोंदण कुणाला विचारून पुसलंस?"

"मावशी, डाग दिसत होता. सगळ्यांचेच साफ करून देतो मी. चांगलंच दिसतंय की."

"डाग? सात वर्षांची होते मी. बायकांनी हात धरून ठेवले होते, सुया टोचत होत्या, तरी रडले नाही. तू एका बोटानं पुसून टाकलंस."

"बसा, दुसरा काढून देतो."

तो पांढरा पडदा ओढायला वळला. वर भिंतीवर त्याच्या आईचा हार घातलेला फोटो होता. कपाळ अगदी गुळगुळीत.

हौसाबाई बसल्या नाहीत.

"मी आणि तुझ्या आईनं एकाच दिवशी गोंदून घेतलं होतं, सुदाम. तिचंही डागच वाटलं तुला?"