चरबीची हाक

"हा आवाज कुठून येतोय?" कानाला यंत्र लावताच हेमलताने विचारलं. दूरच्या देवळात कुणी न थांबता घंटा बडवत असावं, तसा तो नाद होता.

"तुमच्या चरबीतून," डॉक्टर मुल्ला म्हणाल्या. "चरबी नुसती साठून राहत नाही. 'साठा भरपूर आहे, आता पुरे' असा निरोप ती संप्रेरकामार्फत मेंदूला धाडत असते. या यंत्रातून तो ऐकू येतो."

"मग माझी भूक का भागत नाही?"

"मेंदूला तो ऐकूच जात नाही. त्याला वाटतं, तुम्ही उपाशी आहात."

लहानपणापासून 'खादाड' हा शब्द हेमलताला नावासारखा चिकटला होता. आणि इथे तिचंच शरीर आत जिवाच्या आकांताने विनवत होतं!

उपचार सुरू झाले. निरोप टिपणाऱ्या मेंदूतल्या बधिर पेशी हळूहळू जाग्या होऊ लागल्या.

एका दुपारी सदानंदने, तिच्या नवऱ्याने, तिच्या आवडीचं भरलं वांगं केलं होतं. दुसरी भाकरी अर्धी झाली आणि हेमलताचा हात आपसूक थांबला.

"काय गं, भाजी बिघडली का?"

"छे हो, फक्कड झालीय."

ती ताटाकडे बघतच राहिली. पोटात काहीतरी अथांग, निवांत पसरत चाललं होतं. आजवर फक्त लोकलाजेस्तव म्हटलेलं एक वाक्य आज पहिल्यांदाच खरं होऊन तिच्या ओठांवर आलं.

"अहो," ती हलकेच म्हणाली, "माझं पोट भरलं."